कोणत्या समाजाचा वाद?

अभ्यासवर्ग चालवणाऱ्या माणसाकडे ज्ञान साठतं असं लोकांना वाटतं. माझ्याकडे साठले ते किस्से! आणि त्यातला एकही संशयाशिवाय सुरू होत नाही. दारात नवीन माणूस उभा राहिला की आतले त्याच्याकडे बघतात, तो आतल्यांकडे बघतो, आणि मग सगळे मिळून माझ्याकडे बघतात.

माझ्याकडे बघण्यासारखं होतंच म्हणा. शाळा डोंगरातल्या बोर्डिंगमध्ये, कॉलेज समुद्रापलीकडे. पिंपळे गुरवला आईबाबांच्या फ्लॅटमध्ये परत आले ती पुस्तकांच्या दोन बॅगा आणि एक ठाम मत घेऊन. एवढे कामगार राहतात, आणि इथे समाजवाद कोणी समजावून सांगत नाही म्हणजे काय? मी सांगणार! कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून वर्गही गुरुवारी. उरली फक्त जागा.

*

जागा मिळाली काळेवाडीत, तात्यांच्या पिठाच्या गिरणीवर. तात्या मूळचे गावकरी. शेतं गेली, त्यावर चाळी उभ्या राहिल्या, त्यातल्या दोन त्यांच्याच.

"कशाचा क्लास हाय?"

"समाजवादाचा, तात्या."

तात्यांनी हातातलं पीठ झटकलं. "कोणच्या समाजाचा?"

"सगळ्यांचा."

"सगळ्यांचा कसा आसंल? आमचा मेळावा येगळा, त्यांचा येगळा. आन् वाद कशावरनं हाय?"

"वाद म्हणजे भांडण नाही हो. विचार."

"इचार करूनच लोक भांडत्यात. बिगर इचाराचं कोण भांडतंय?"

मग मी तिथेच, गिरणीच्या आवाजात, त्यांना सगळं समजावलं. कारखाने, जमिनी, घरं, सगळं सगळ्यांच्या मालकीचं. तात्यांनी गिरणी बंद केली.

"ही वरली खोलीबी?"

खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. "तत्त्वतः हो."

"व्हय? मंग चावी माझ्यापाशीच ऱ्हाईल!"

अजूनही त्यांच्यापाशीच आहे.

*

पहिल्या दिवशी नऊ जण आले. मी शिस्तीत कागद फिरवला: नाव, कंपनी, मोबाइल नंबर. कागद परत आला तेव्हा नऊपैकी सहा जणांचं नाव गणेश होतं! कंपनीच्या रकान्यात सगळ्यांनी 'प्रायव्हेट' लिहिलेलं. नंबर एकानेच दिला होता. लावून पाहिला तर गॅस एजन्सी.

वर्ग सुटल्यावर त्या सहा गणेशांपैकी एक मागे थांबला. खरं नाव सुग्रीव, मूळचा बीडकडचा, चाकणला गाडीचे दरवाजे बसवायच्या लाइनवर सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर.

"मॅडम, राग नका मानू. मागच्या साली कंपनीत अशीच एक मॅडम आली होती. लै गोड बोलायची. म्हणली, मनमोकळं लिहा, नाव घालायची गरज नाही. आमच्यातल्या एकानं लिहिलं मनमोकळं. अक्षरावरून धरला त्याला! दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्डच चालंना."

"मग तुम्ही का थांबलात?"

"तुम्ही तर नाव घालाच म्हणायलाव! एवढं सरळ कुणी फसवत नसतं."

मग त्याने हळूच सांगितलं. यंदा कंपनी काही जणांना परमनंट करणार होती आणि यादीत त्याचं नाव यायची शक्यता होती. सहा वर्षांत पहिल्यांदा. "हितं बसतो हे कळलं, की नाव गेलं म्हणून समजा."

मी कागद फाडला. त्याने तुकडे माझ्या हातातून घेतले आणि स्वतःच्या खिशात घातले.

*

चीनबद्दल वाचायला सुरुवात केली तेव्हा सुग्रीव एका गुरुवारी मोठ्या खुशीत आला. त्यांच्या लाइनवर नवं मशीन बसवायला चीनहून इंजिनिअर आला होता! आपण पुस्तकात कशाला शोधायचं, साक्षात माणूसच आहे की!

जेवणाच्या सुट्टीत सुग्रीवने मोबाइलवर ते भाषांतराचं ॲप लावलं आणि इंजिनिअरला विचारलं, "तुम्ही कम्युनिस्ट आहात का?"

इंजिनिअरने आधी छताकडच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग सुग्रीवकडे. मग मोबाइलमध्ये काहीतरी बोलला. मोबाइलमधली बाई मराठीत म्हणाली, "मशीन चांगली आहे."

सुग्रीवला वाटलं ॲप गडबडलं. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"मशीन खूप चांगली आहे."

वर्गात हे ऐकून आमचे ढमाले मामा मांडीवर थाप मारून ओरडले, "पक्का मेंबर आहे!"

हे मामा म्हणजे लोखंड ओतायच्या फाउंड्रीतून रिटायर झालेले, जुने युनियनवाले. वर्गात सगळ्यात आधी येतात आणि पाठ भिंतीला लागेल अशीच जागा धरतात. मागून कोणी येऊ नये म्हणून!

*

मग निलेश आला. चोवीस-पंचवीसचा, दाढी कोरलेली, दाराजवळ बसणारा. कुठे काम करतोस विचारलं तर म्हणे, "इकडंच." राहतोस कुठे? "तिकडं." पण प्रश्न मात्र एवढे, की मामांनी त्याचं नाव 'पेपर सेटर' ठेवलं.

"मॅडम, कम्युनिस्ट व्हायला आधार कार्ड लागतं का?"

"मॅडम, चीनमध्ये कारखाना कामगारांचाच असेल, तर सुटताना गेटवर झडती कोण कोणाची घेतं?"

"मॅडम, समाजवाद आल्यावर कॉन्ट्रॅक्टर कुठे जातात? आणि गेले नाहीत तर?"

एकदा त्याने विचारलं, "समाजवादात नाइट शिफ्ट कोण करणार?" मी जवळजवळ पाऊण तास बोलले. श्रमाचं वाटप, आळीपाळी, माणसाचं बदललेलं मन. निलेशने शांतपणे ऐकलं, मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "म्हणजे कोणीतरी करणारच ना?"

तो गेल्यावर मामा माझ्याजवळ सरकले. "पोरी, कामगार असे प्रश्न विचारत नाही. कामगार चहा कधी येणार विचारतो. हा माणूस पाठवलेला आहे!"

"मामा, प्रश्न विचारणं चांगलं असतं."

"विचारणं चांगलंच. टिपून कशाला घेतो?"

खरं सांगते, त्या क्षणापासून मलाही निलेशच्या मोबाइलचा त्रास व्हायला लागला. तोपर्यंत सगळे माझ्यावर संशय घेत होते. आता मीही घ्यायला शिकले. अभ्यासवर्गात कोणाची प्रगती झाली असेल तर ती अशी माझी!

*

मात्र चोर पकडला गेला तो वेगळाच.

क्रांतीनंतरच्या चीनवर मी एका जाड पुस्तकातून उतारे काढून झेरॉक्स वाटल्या होत्या. मामांनी चष्मा चढवला, अंगठा ओला करून पानं मोजली आणि विचारलं, "चोवीसनंतर एकदम एकतीस कसं?"

"झेरॉक्सवाल्याने खाल्ली असतील पानं."

"सगळ्यांच्यातली तीच सहा?"

ज्या माणसाने आयुष्यभर साच्यांचे नंबर तपासले, त्याच्यापुढे मी पानं दडवायला गेले होते! कान तापले माझे. मीच वगळली होती ती. म्हटलं, आधी चांगलं कळू दे, मन बसू दे, मग बाकीचं. पुढच्या गुरुवारी मान खाली घालून ती सहा पानं आणली आणि वाचली.

गावोगावी अंगणात भट्ट्या पेटवल्या. पोलाद हवं म्हणून घरातल्या कढया, पळ्या, दारांच्या कड्या वितळवल्या. मामा ताडकन उठले. "कढया वितळवून पोलाद? टेस्ट कोणी केली? कास्टिंग हातात तुटलं असणार! पास कोणी केलं?"

"वरती रिपोर्ट चांगलेच जात होते, मामा. पिकाचेही. कोठारं भरलेली आहेत असे. आणि खाली माणसं उपाशी मरत होती. पुष्कळ माणसं."

"खालच्या कुणाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. बोलायची भीती होती."

 खाली तात्यांची गिरणी तेवढी चालू होती. मग सुग्रीव म्हणाला, "म्हणजे ऑडिटच्या दिवसासारखं."

मामा बसले. झेरॉक्सची पानं नीट क्रमाने लावत म्हणाले, "आता बरोबर आहे. आता शिकव पुढं. आणि पोरी, परत पानं गाळलीस तर मी दुसरा क्लास लावीन!"

*

यादी लागायला थोडे दिवस राहिले असताना सुग्रीवचा चेहरा उतरलेला. लाइनवर चहाच्या वेळी सुपरवायझर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "काय सुग्रीव, चीनला कधी निघालास?"

बातमी फुटली होती! सगळ्यांनी दाराजवळच्या जागेकडे पाहिलं. निलेश त्या दिवशी आला नव्हता. न येणं हासुद्धा पुरावाच!

मामा म्हणाले, "आता बघाच. युनियनमध्ये आम्ही असे किती पकडले!" त्यांची युक्ती अशी: पुढच्या वेळी काय वाचणार ते प्रत्येकाला एकेकट्याला, वेगवेगळं सांगायचं. एकाला क्युबा, एकाला रशिया, असं. सुपरवायझरच्या तोंडून ज्या देशाचं नाव येईल, तो माणूस फितूर!

आठवड्याने सुग्रीवने सांगितलं, "सायब म्हणला, आता व्हिएतनाम का?"

आम्ही श्वास रोखून मामांकडे वळलो. मामांनी डोळे मिटले. बोटं मोजली. डोळे उघडले.

"व्हिएतनाम मी कोणाला सांगितलं होतं बरं?"

*

आता शेवटचा किस्सा. त्या गुरुवारी वाचनात आत्मटीकेचा भाग होता. चीनमध्ये पक्षाच्या बैठकीत माणूस उभा राहून सगळ्यांसमोर आपली चूक सांगतो. मी मोठ्या तळमळीने समजावत होते. त्यातून पुढे माणसांचे कसे हाल झाले तेही सांगितलं. आता पानं गाळायची सोय नव्हती!

सुग्रीव म्हणाला, "मॅडम, हे आमच्याकडं असतंय. वाय-वाय."

लाइनवर पार्ट खराब निघाला की फळ्यावर पाच वेळा 'का' लिहितात. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. पाचव्याला मूळ कारण सापडतं. एकच नियम: 'ऑपरेटर चुकला' हे उत्तर चालत नाही.

"मग करूया की," मामा दाराकडे बघत म्हणाले. निलेश आला होता. "लिही. प्रॉब्लेम: बातमी बाहेर गेली."

सुग्रीवने खडू घेतला. पहिला का. सायबाला का कळलं?

 शेवटी सुग्रीवच म्हणाला, "फोटोमुळं. मॅडमनी सोशल मीडियावर टाकला होता."

 टाकला होता! चेहरा एकाचाही नव्हता. दाराबाहेर काढलेल्या चपला-बुटांचा फोटो, आणि वर मी अभिमानाने लिहिलं होतं: 'जोडे बाहेर, भेद बाहेर. समाजवादाचा वर्ग, काळेवाडी.'

दुसरा का. चपलांवरून का कळलं? "त्यात सेफ्टी बुटाचा एक जोड होता. निळ्या नाडीचा. असले बूट यंदा फक्त आमच्या प्लांटला वाटलेत."

तिसरा का. मग सायबानं मलाच का धरलं? "त्यानं लाइनवरच्या सगळ्यांना फोटो दाखवला. हे कुणाचे, म्हणून. मी म्हणलं, माझे. मग रोज विचारायचा, काय वाचायलाव, पुढं काय वाचणार. व्हिएतनाम मलाच सांगितलं होतं मामांनी."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. मी मात्र सुग्रीवच्या पायांकडे बघत होते. तो पहिल्या दिवसापासून रबरी चपलेवर येतो. कंपनीचे बूट कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवतो, झिजू नयेत म्हणून.

मी उठून दाराबाहेर पाहिलं. निळ्या नाडीचे बूट उंबऱ्याला लागून होते. दाराजवळच्या जागेच्या अगदी समोर.

निलेश खाली मान घालून बसला होता. "मी त्याच प्लांटला, दुसऱ्या शिफ्टला असतो," तो म्हणाला. "माझंही नाव यादीसाठी होतं. म्हणून कंपनी सांगत नव्हतो कोणाला."

"यादी कधी लागणार आहे?" मी विचारलं.

"काल लागली," सुग्रीव म्हणाला. "निलेशचं आहे. माझं नाही."

त्याने फळ्यावर चौथा का लिहिला. माझे बूट, असं का म्हणलं? त्यापुढे जागा मोकळी सोडली. खाली पाचवा का लिहिला आणि खडू निलेशपुढे धरला. "हे तू लिही."

निलेश फळ्यापाशी गेला. मग त्याने लिहिलं, 'परमनंट माणसाला इथे बसता येतं का?'

"बघा!" मामा ओरडले. "उत्तर लिही म्हटलं, तरी हा प्रश्नच विचारतोय!"

हसला फक्त सुग्रीव.