कोल्डबुढ्याची पेटी

मासळीच्या पेटीतला बर्फ फोडून त्याच हाताने लिंबाच्या सरबतात टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अड्याळच्या बाजारओळीत तो माझ्या कापडदुकानाला लागून बसायचा. त्याचं दुकान म्हणजे आतून पत्रा ठोकलेली एक लांबलचक लाकडी पेटी, तिच्यात लाकडाचा भुसा आणि वर ओलं गोणपाट. सकाळी तिच्यात तलावातले मासे, दुपारी त्याच बर्फात सोड्याच्या बाटल्या. बाटलीच्या तोंडाला कधी कधी खवला चिकटलेला असायचा. मला शिसारी यायची.

सगळे त्याला कोल्डबुढा म्हणत. भंडाऱ्याहून एसटीच्या टपावर बर्फाची लादी यायची. तिथल्या बर्फवाल्याकडून त्याने हा एक इंग्रजी शब्द उचलला आणि मग त्याला दुसरा शब्दच लागेना. ताजा मासा कोल्ड. ताप उतरलेला माणूस कोल्ड. न भांडणारी बायको कोल्ड. पाण्यालाही न विचारणारा व्याही मात्र "लय कोल्ड माणूस". बाजारात गिऱ्हाईक नसलं तरी कोल्डच. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा वैतागून विचारलं, "बुढ्या, याचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला?"

"काहून नाई? ज्याले वाट पाहता येते, थो कोल्ड. गरम झालं का घाई करते, नासते."

मी म्हटलं, पुरे.

माझ्या ताग्यांना मासळीचा वास लागायचा. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया लुगडं नाकाशी नेत, एकमेकींकडे बघत आणि पुढच्या दुकानात जात. मी तणतणत बाहेर आलो की तो लुंगीला हात पुसून तोच हात माझ्या खांद्यावर ठेवायचा. "कोल्ड व्हा भाऊ, कोल्ड व्हा." सदरा घरी गेल्याबरोबर धुवायला टाकावा लागे.

त्याची एकुलती एक लेक, कौशी, बल्लारपूरला दिली होती. ती येणार असली की एक चांगली मोठी मरळ पेटीच्या तळाशी जायची. कौशीला नेहमी उशीर व्हायचा. मरळ वास मारू लागली तरी हा ती विकायचा नाही, फक्त वर नवा बर्फ रचायचा. "माई पोरगी आली का थे खाईल." आणि ती खायचीसुद्धा. मला बघवत नसे.

ऐन वैशाखात एका सकाळी तो पेटीला टेकून बसल्या बसल्याच गेला. बल्लारपूरला तार केली, पण कौशी दुसऱ्या दिवसाशिवाय पोहोचणार नव्हती. त्याच्या बायकोने, बुढीने, मुडद्याच्या उशाशी बैठक मारली. "पोरीनं तोंड पायल्याबिगर हलवाचं नाई." जमलेली मंडळी कुरकुरली. "इतक्या उनात कायले ठेवता? उरकून टाका." बोलणारे कोण, तर ज्यांच्या घरच्या लग्नांत याच्याच बर्फाचं सरबत घटाघटा रिचवलं गेलं होतं ते. आता दुपट्टे नाकाला लावून उभे होते. त्यांची मला जशी किळस आली, तशी त्या पेटीची कधी आली नव्हती.

मी पेटी उघडली. मासे बाहेर काढून टाकले, लादी फोडली आणि बर्फ त्याच्या अंगाभोवती रचला. दुकानातून मांजरपाटाचा तागा आणून वरून पांघरला. संध्याकाळच्या गाडीने आणखी लादी मागवली आणि रचत राहिलो.

सकाळच्या पहिल्या एसटीने कौशी आली. तिने कापड दूर केलं. चेहरा जसाच्या तसा होता, मिशीला एक खवला चिकटलेला. तो तिने नखाने अलगद काढला.

"थांबला ना मायासाठी," ती म्हणाली.

माझ्या हातांना मासळीची घाण येत होती. त्याच हातांनी मी तिरडीला खांदा दिला.