दुसरं पाणी

इर्याच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने, म्हणजे एवर्टने, यायचं ते आयत्या ताटावर, असा त्या घरचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. एवर्टचीही त्याला हरकत नव्हती. रानातलं रांधण्यात तळ्याच्या या काठाला इर्याचा हात धरणारं कोणी नव्हतंच मुळी. त्याने शिकारीत आणलेल्या एल्क हरणाची जीभ असो, की स्प्रूस झाडाच्या कोवळ्या कोंबांचा पाक, बाई नुसत्या वासावरून मीठ किती ते सांगायची.

चाळीस वर्षं दर शरदात ती चर्चच्या दालनात टेबल मांडून बसली. लोक टोपल्या घेऊन रांगेत उभे, आणि ही एकेक अळंबी उलटीपालटी करून निवडतेय. ही खा, ही टाक, आणि ही खायचीच असेल तर आधी पाद्रीबाबांना भेटून ये.

मे महिन्यात उगवणारी, कानासारख्या घड्यांची विषारी कानअळंबी मात्र टाकायचीही नाही आणि तशीच खायचीही नाही. कच्ची पोटात गेली तर माणूस उठत नाही. भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळायची, पाणी फेकायचं, धुवायची, नव्या पाण्यात पुन्हा उकळायची, तेही फेकायचं. खिडकी सताड उघडी, कारण वाफसुद्धा वाईट. मग लोणी, कांदा, साय. आमच्याकडे पोरांना मुळाक्षरांआधी हे येतं.

त्या शनिवारी लेक सिर्कू दोन्ही मुलींना घेऊन जेवायला येणार होती. एवर्ट कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसला होता. वाचत नव्हता, बघत होता. इर्याने उकळून पहिलं पाणी टाकून दिलं, अळंबी धुतली, खिडकीशी जरा उभी राहिली, आणि वळून सरळ तव्यात लोणी घालून अळंबी परतायला घेतली.

सांगायला काय झालं होतं? पण हिवाळ्यात एकदा, सूपमध्ये मीठ दोनदा पडलं एवढंच एवर्ट बोलला होता, तर बाई दोन दिवस जेवली नव्हती. मला वेडी ठरवतोयस, म्हणाली होती, आणि रात्रभर रडली होती. ते रडणं त्याला पुन्हा ऐकायचं नव्हतं. बरं, गप्प बसावं तर विषाची परीक्षा कोण घेणार? नातींना घ्यायला लावायची? तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठला आणि कोपराने तवा लोटून दिला.

इर्या चिडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याला हाताला धरून बसवलं, बाही पुसली, त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली, आणि लेकीला फोन लावला. बाबांचे हात गेले गं आता, म्हणाली, म्हातारा झाला बिचारा. सिर्कूने बाबांना फोन द्यायला सांगितलं. समोर इर्या गुडघ्यांवर बसून फरशी पुसतेय. अशात माणूस काय बोलणार?

"हो गं," एवर्ट म्हणाला, "थरथरतात हल्ली."

मग सिर्कूने आईला बजावलं, बाबांना चुलीजवळ अजिबात फिरकू देऊ नकोस. झालं! राखणीला निघालेल्या एवर्टने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

टोपलीत अर्धी अळंबी शिल्लक होती. इर्याने त्याला बाहेर पायरीवर नेऊन बसवलं, हातात काठोकाठ कॉफी दिली आणि दार लावून घेतलं.

मोरीची नळी पायरीशेजारीच बाहेर पडायची. एवर्ट कान लावून बसला. बऱ्याच वेळाने नळी खळखळली. हे पहिलं पाणी. आता दुसरं. कॉफीला त्याने तोंडही लावलं नाही. तिने शंभर जणांना शिकवलंय, ती कशी विसरेल, असं तो मनाशी घोकत राहिला. आतून लोणी चुरचुरल्याचा आवाज आला.

त्याने दार ढकललं.

"बाहेर बैस म्हटलं ना," इर्या म्हणाली.

"एकच पाणी टाकलंस."

"पाच मिनिटं उकळायची, पाणी फेकायचं, धुवायची, पुन्हा पाच मिनिटं, तेही फेकायचं." एक अक्षर चुकलं नाही, चर्चच्या दालनात सांगायची तसंच. "मला शिकवतोस?"

"तुला सगळं येतं गं. पण आज एकच टाकलंस. नळी एकदाच वाजली."

इर्याने मोरीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. मग एवर्टच्या हाताकडे. काठोकाठ भरलेला कप त्याने धरला होता, आणि बशीत थेंबही सांडला नव्हता.

"म्हणजे मघाशीही एकच टाकलं होतं मी," ती म्हणाली.

एवर्टने कप बाकावर ठेवला.

तिने चूल बंद केली. खडीच्या रस्त्यावर सिर्कूच्या गाडीचा आवाज आला, पाठोपाठ पोरींच्या हाका. इर्याने फडक्यात धरून तवा त्याच्या हातात दिला.

"मागच्या खड्ड्यात टाकून ये," ती हळूच म्हणाली. "आणि तिला सांग, हेही तुझ्याच हातून सांडलं."