राजाची दाढ

इतिहासाच्या बाईंचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर. म्हणजे निम्मी पोरं पेंगलेली, उरलेली खिडकीबाहेर. दोघांच्या बाकावर चौघं, फिरण्यापेक्षा कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीवरच्या नकाशातला अर्धा महासागर वाळवीने गिळलेला. त्यात आठवड्याचे तास चारावरून दोनावर आलेले, कारण बाकीचे दोन गणिताने उसने नेले ते परत केलेच नाहीत. अशा वर्गाला जागं ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. म्हणून बाई तिखटमीठ लावून सांगत. मुलं त्यांना गप्पाबाई म्हणायची, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

दरवर्षी पेपर तपासताना त्या शिक्षकांच्या खोलीत निवडक उत्तरं वाचून दाखवत. 'मृत्यूनंतर राजाने कारभारातून लक्ष काढून घेतले.' 'लेख दगडावर कोरत, कारण दगड कोणी घरी नेत नाही.' 'लढाई सकाळी सुरू झाली व धड्याच्या शेवटी संपली.' सगळ्यांना हसून ठसका लागायचा. सगळ्यांत जास्त बाईंनाच.

यंदा मात्र नववीचा गठ्ठा सोडला आणि त्यांचं हसू मावळलं. वेढ्यात सापडलेल्या राजाने तह का केला, असा प्रश्न होता. अख्ख्या वर्गाने लिहिलं होतं, दाढ दुखत होती म्हणून. एकाने तर डाव्या बाजूची, असा खुलासाही केला होता. दाढ होती बाईंची. तास रंगवायच्या भरात स्वतःचं दुखणं त्यांनी राजाला देऊन टाकलं होतं. किल्ल्यातलं धान्य संपलं, मदत येईना, ही खरी कारणंही सांगितली होती. ती कुणाच्या डोक्यात शिरलीच नव्हती.

ते पेपर मुख्याध्यापकांच्या हाती लागले. ते हसले नाहीत. शुक्रवारी मी स्वतः येऊन हाच प्रश्न विचारणार, म्हणाले. पुन्हा दाढ निघाली तर नववी शेजारच्या वर्गावरच्या सरांकडे. हे सर फळ्यावर मुद्दे लिहून देत, मुलं ते घोकत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं मुद्देसर. निकाल फक्कड लागायचा. फक्त तिसरा मुद्दा पहिल्याच्या आधी विचारला की वर्गाची बोबडी वळायची.

नववी गेली तर बाईंच्या वाट्याला पुस्तकांची कपाटं पुसणं आणि हजेरीच्या बेरजा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर सरळ कबूल केलं, की दाढेचं मी मनाने रचलं होतं, ते विसरून जा.

सुटले एकदाची, असं बाईंना वाटतंय तोच मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी उठली.

"बाई, मग धान्य संपल्याचं तरी कशावरून? तेही कुणीतरी रचलं असेल."

बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे. पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं, दुसऱ्याने विचारलं. आतला माणूस कशाला लिहील आपण उपाशी आहोत म्हणून, आणि बाहेरच्याला आतलं कसं कळणार? मग बाईंनी सांगितलं, दोन्हीकडचे कागद ताडून बघतात. शत्रू म्हणतो धान्य संपलं, आणि राजाचा कारभारीही लिहितो की घोडे कापून खाल्ले, तेव्हा कुठे विश्वास ठेवायचा. इतक्या वर्षांत हे सांगायची वेळच आली नव्हती. घंटा झाली तरी कुणी दप्तर उचलेना. बाईंना इतका आनंद झाला, की गणिताचे सर केव्हापासून दारात ताटकळत आहेत हे त्यांना दिसलंच नाही.

शुक्रवारी मुख्याध्यापक आले, हात पाठीमागे बांधून. प्रश्न विचारला. पुढच्या बाकावरच्या मुलाने धान्य, मदत, सगळं नीट सांगितलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. सर जायला वळले, तेवढ्यात मागची मुलगी उभी राहिली.

"सर, आम्हाला हे कशावरून माहीत, ते तुम्ही विचारलंच नाही."

पुस्तकावरून, सर म्हणाले. मग जे हात वर झाले! पुस्तक लिहिणाऱ्याने कुणाचे कागद पाहिले, हरलेल्यांचेही पाहिले का, सर शाळेत होते तेव्हाही हाच धडा होता का, आणि तेव्हाही हाच राजा हरला होता का. सरांनी दोन उत्तरं कशीबशी दिली, तिसऱ्याला घड्याळ पाहिलं आणि बाईंना दाराबाहेर बोलावलं. नववी हातची गेली, असंच त्यांनी धरलं.

"वर्ग तुमच्याकडेच राहू दे," रुमालाने कपाळ पुसत सर म्हणाले. "मुद्देसरांना हे झेपायचं नाही."