दवाखान्याची मागची खिडकी

अण्णा गेल्याची बातमी होटगीहून आलेल्या रेल्वेच्या एका खलाशाने दिली. तिथल्या चाळींत पटकी लागली म्हणून अण्णा धावले होते. सहाव्या दिवशी तेच गेले. मी औषधाची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "आता आमाला कोन बघनार?" म्हणाली आणि लगेच विचारले, "नवा डाक्टर कवा येतोय?" याला महिना झाला...

डॉक्टर अण्णा माझे शाळेपासूनचे मित्र. मी त्यांचा कंपाउंडर. मुंबईहून शिकून आले तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला, की भवानी पेठेत असा दवाखाना हवा जिथे कुणालाही फुकट औषध मिळेल, मग तो कुठल्याही जातीचा असो, गिरणीत कामाला असो वा नसो. दोन वर्षे त्यांनी नगरपालिकेच्या सभासदांचे उंबरे झिजवले. शेवटी नगरपालिकेने मंजुरी दिली, पण एका अटीवर: अस्पृश्यांनी पुढच्या दाराने यायचे नाही, मागच्या खिडकीतून औषध घ्यायचे. अण्णांनी सही केली. "आधी दार तर उघडू दे," मला म्हणाले, "खिडकी नंतर बुजवू." ते 'नंतर' यायला सात वर्षे लागली. खिडकीवर मी असे. खालून बाटली वर यायची, मी पळीने वरून औषध ओतायचो. नाडी पाहणे नाही, जीभ पाहणे नाही. खरे सांगायचे तर मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मग एका सकाळी भागू नावाची बाई लेकीला घेऊन खिडकीशी आली. "सास अडकलाय की हो हिचा!" अण्णांनी मला बाजूला सारून पाहिले. घटसर्प. गजांतून घसा दिसेना. "पुढून आण, पळ!" ते ओरडले. ती वळसा घालून पुढे आली, तर रांगेतली माणसे पायरीवर आडवी उभी राहिली. रोज अण्णांना नमस्कार करणारी माणसे ती. "हितनं न्हाय चढायचं," एकजण शांतपणे म्हणाला. अण्णा धक्के देत बाहेर गेले, रस्त्यावरच बसले, पोरीला मांडीवर घेतले. तिचे तोंड उघडेपर्यंत ती गेली होती. मी दारात उभा राहून पाहत होतो. मीही कुणाला बाजूला केले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या हातांनी विटा रचून खिडकी बुजवली. "आता दार एक, रांग एक. यायचे त्याने यावे." चार महिने पेठेतले कुणी फिरकले नाही, त्यांच्या दारावर शेण पडले, बायकोला नळावर पाणी भरू देईनात. मग शहरात पटकी शिरली आणि तीच माणसे भागूच्या मागे रांगेत उभी राहिली. अण्णा त्यांना एका शब्दानेही बोलले नाहीत. दोन वर्षे हे असेच चालले.

शोकसभेत सगळे सभासद बोलले. दवाखाना सर्वांचा होता, असे प्रत्येकाने सांगितले. त्याच आठवड्यात नगरपालिकेचा गवंडी आला आणि त्याने खिडकीतल्या विटा काढल्या. नव्या डॉक्टरांनी विचारले, "मागे कोण बसतं?" मी म्हणालो, "मी."

परवा भागू आली. नेहमीसारखी पुढच्या रांगेत उभी राहिली. माणसे माझ्याकडे पाहू लागली.

"मागं जा, बाई," मी म्हणालो.

"अण्णांनी आत घेतलं हुतं की."

"अण्णा नाहीत आता."

ती वळसा घालून गेली. मी खिडकी उघडली, वरून औषध ओतले. बाटली भरली तरी ती हलेना.

"नाव न्हाय इचारत?" तिने विचारले.

अण्णा विचारत. हात लावण्याआधी प्रत्येकाला त्याचे पूर्ण नाव विचारत, बापाच्या नि गावाच्या नावासकट, आणि ते नीट ऐकून घेत. खिडकीवर मी कधीच कुणाला विचारले नव्हते.

मी खिडकी लावून घेतली.