हो म्हणायचा अंगठा

नववी अर्धी टाकून मी माण तालुक्यातनं निघालो तो थेट तमिळनाडूत, गलाईच्या दुकानात. सोनारांकडचं मोडीचं सोनं आटवून शुद्ध करायचं, हा आमचा धंदा. दुकानाचे शेठ विट्याकडचे. त्यांनी मला काम शिकवलं, जेवायला घातलं, तापात उशाशी बसले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणतो. दोघांचं माझ्यावर लय ऋण आहे, आणि ते आठवलं की मला भीतीच वाटते, आपल्या हातून त्यांचं काही बिघडू नये म्हणून.

ॲसिडनं माझ्या बोटांची कातडी गेलेली. मोबाईलच्या काचेला माझं बोट धड कळत नाही. एक ओळ लिहायची तर तीनदा पुसावी लागते. म्हणून शेठचा मेसेज आला, 'भट्टी लाव', 'बँकेत जा', 'जेवायला घरी ये', की मी त्याखाली अंगठ्याचं चित्र दाबायचो. वर केलेला पिवळा अंगठा. माझ्या लेखी तो नुसता हो नव्हता. ऐकलं, मनावर घेतलं, आता तुम्ही काळजी सोडा, एवढं सगळं त्यात असायचं. शेठनाही ते कळायचं. सगळ्या जगाला ते तसंच कळत असेल, असं मी धरून चाललो होतो.

ती मला आक्काच्या दिराच्या लग्नात भेटली, उंब्रजला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती पोरगी दाजींच्या नात्यातली, सांगलीची. तिथं एका झेरॉक्सच्या दुकानात बसायची, लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. पंगतीत मी वाढायला होतो. ती म्हणाली, "ओ पाव्हणं, जिलबी वाढताय का नुसती दाखवताय?" पोरी फिसकन हसल्या. माझ्या हातातलं ताटच तिरकं झालं.

नंबर कुणी कुणाकडनं घेतला हे आता राहू दे. पुढं दीडेक वर्ष आम्ही मेसेजवरच जगलो. ती पाव्हणंवरनं तूवर आली. तिचे मेसेज नीट, ऱ्हस्व-दीर्घासकट. माझे तुटके. ती चिडवायची, "तुझं एक वाक्य वाचायला मला चष्मा लागतोय रं." आणि शेवटी डोळे मिटून हसणारं तोंड. तसलं तोंड आलं नाही की माझा जीव खालीवर. नुसतं 'बरं' आलं, तर मी भट्टीपुढं उभा राहून विचार करायचो, हे रागातलं बरं का साधं? विचारायचो मात्र नाही. विचारलं आणि ती कंटाळली तर?

दोनदाच भेटलो. एकदा कराडला संगमावर, एकदा सांगलीत घाटावर. भडंगाची पुडी मधे ठेवून बसलो होतो. समोर असली की काही अडचण नव्हती. ती बोलायची तेव्हा भुवई वर जायची, त्यावरनं सगळं समजायचं. मेसेजला भुवई नसते.

मग एका सकाळी तिचा मेसेज आला. "दादानं स्थळ आणलंय. मुलगा फौजी आहे. रविवारी बघायला येणार आहेत. काय सांगू घरी?"

मूस भट्टीत होती. दुकानात सोनार येऊन बसलेले. लिहिलं, 'सांग मी येतोय'. पुसलं. नववी अर्धी सोडलेला पोरगा, कुणाच्या तोंडानं येतो म्हणणार? आधी शेठना विचारावं, रजा घ्यावी, आक्काला मधे घालावं, मग सांगावं. पण तिला तोवर धीर तर द्यायला पाहिजे. म्हणून मी तिला माझ्याकडचं सगळ्यात खात्रीचं उत्तर पाठवलं. अंगठा.

तिकडनं आलं, "बरं."

शेठचे भागीदार गावाला गेलेले. ते आल्याशिवाय भट्टी सोडता येत नव्हती. त्यात तो रविवार गेला, वर आणखी दोन आठवडे गेले. शेठनी कारण खोदून विचारलं नाही. काकूंनी नवा सदरा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "कुणाला बघायला चाललाईस का रं?" मी मान खाली घातली. रजा मिळाली त्या दिवशी तिला लिहिलं, "शनिवारी सांगलीला येतोय. स्टँडवर येशील का?" घरी मागणी घालायला येतोय, हे मुद्दाम लिहिलं नाही. तोंडावर सांगायचं होतं. तिची भुवई बघायची होती.

दोन्ही टिका निळ्या झाल्या. उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी आलं.

"तुम्ही काळजी घ्या. येते." आणि पुढं जोडलेले हात.

खरं सांगतो, मी आनंदानं गार झालो. येते म्हणाली! आणि मला तुम्ही म्हणाली. आमच्याकडं नवऱ्यालाच असं बोलतात. आई बाबांना बोलायची तसं. मला वाटलं, तिनं मनात सगळं ठरवलं, म्हणून हा मान, म्हणून हे हात. अख्ख्या प्रवासात मी ती ओळ उघडून बघत होतो.

शनिवारी सांगलीच्या स्टँडवर नवा सदरा घालून, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून बसलो. प्रत्येक गाडीतनं उतरणारी ओढणी बघायची. फोन लागत नव्हता. 'आलो' म्हणून मेसेज टाकला, त्याला एकच टिक. मला वाटलं, बॅटरी गेली असेल. मग वाटलं, घरच्यांनी अडवलं असेल. मग वाटलं, तिला काही झालं तर नसेल? ती आपणहून येणार नाही, एवढं एकच मनात आलं नाही. ऊन उतरलं तेव्हा कराडची गाडी पकडली आणि उंब्रजला आक्काकडं गेलो.

आक्कानं माझं तोंड बघितलं आणि चहा न टाकताच पुढ्यात बसली. "तिची सुपारी फुटली रं. मला बी तुमचं कालच कळलं. तिनंच फोन केलता. तुला लावला तर तू गाडीत, लागंना."

"पर ती येते म्हणाली हुती, आक्का."

"वाच बघू काय लिवलंय."

मी वाचलं. "खुळ्या, निरोप घेतलाय तिनं. बाईमाणूस निघताना जाते म्हणतंय व्हय कवा?"

"मला तुमी म्हटली ती."

"नवऱ्याला म्हणत्यात तसं वाटलं व्हय तुला?" ती हसायला गेली आणि तिचेच डोळे भरले. "आरं, पाव्हण्याला बी तुमीच म्हणत्यात."

मी फोनकडं बघत राहिलो. अक्षर तेच होतं.

आक्का म्हणाली, "आन तू तरी काय केलंस? लय रडली फोनवर. 'काय सांगू घरी म्हणून इचारलं, तर अंगठा दाखवला त्यानं मला,' म्हणाली."

"आक्का, शेठला बी मी रोज त्योच टाकतो! माझ्यात त्यो हो म्हणायचा हाय."

"तिला कुठनं कळावं? अंगठा दाखवला म्हंजी काय, हे आपल्यात बारक्या पोराला बी ठावं हाय."

खरंच ठाऊक असतं. मलाही होतं. पण तोंडानं बोलायचा तो अंगठा वेगळा आणि मोबाईलमधला वेगळा, असं माझ्या डोक्यात बसलेलं.

"तू सांग तिला," मी म्हणालो. "नुसतं एवढंच सांग, त्यो हो हुता."

"आता सांगून तिला कशाला जाळू? पोरगा चांगला हाय. चार दिसांनी हळद हाय तिची."

मी पुन्हा विचारलं नाही. पेढे आक्काच्या पोरांनी खाल्ले. निघताना पिशवी उचलली आणि सवयीनं म्हणालो, "येतो." शब्द तोंडातनं बाहेर पडला आणि उंबऱ्यातच थबकलो. आक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "ये बाबा."

दुकानात परतलो. काकूंनी वाढताना जास्तीची भाकरी घातली. हे उपकार मी कुठं ठेवू, कळत नाही. दुसऱ्या दिवशी शेठचा मेसेज आला, 'उद्या लवकर ये.' बोट आपोआप अंगठ्याकडं गेलं. तिथनं उचललं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'हो शेठ, येतो.' लय वेळ लागला.

सकाळी शेठ सगळ्यांपुढं म्हणाले, "काय रं, गावाला जाऊन शिकून आलास व्हय? तुझा अंगठा कुठं गेला?"

पोरं हसली. मीही हसलो.

"हाय की शेठ," म्हणालो, "हितंच हाय." आणि हातमोजा चढवला.