आतून कडी

डोंबिवलीचं घर विकून दादाने माजिवड्याला टॉवरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तेव्हा आईला वाटलं होतं, आता आपल्यालाही एक खोली मिळेल. एकीत दादा-वहिनी गेले. दुसरी भाच्याला, कारण दहावीच्या पोराला प्रायव्हसी लागते. आई हॉलमध्ये. सगळ्यांचा टीव्ही बघून होईपर्यंत तिला पाठ टेकता येत नाही, आणि दुपारी जरा लवंडली की कुणाचं तरी पार्सल येतं. मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? दिवा स्टेशनजवळ माझ्या सासरी एकच खोली, त्यात आम्ही चौघं.

परवाच्या सुट्टीत दादा आम्हाला जवळच्या मॉलच्या आवारात कसलंसं कलाप्रदर्शन बघायला घेऊन गेला. प्रदर्शन कसलं, एक खोलीच उभी केलेली. गादी, उशी, पंखा, समोर भिंतभर आरसा आणि दाराला आतून कडी. एकेकाने आत जायचं, कडी लावायची, वाटेल तितका वेळ थांबायचं. दारातली मुलगी आईला म्हणाली, "जा ना आजी, तुमचीच खोली समजा." आई गेली. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

मग आम्ही मागच्या बाजूला आलो. आतल्याला जो आरसा दिसत होता, तो बाहेरून नुसती काच होता. तशी पाटी लावली होती म्हणा, पण इंग्रजीत. काचेपाशी ही गर्दी, आणि आत माझी आई तोंडातली कवळी काढून उशीशेजारी ठेवत होती. मग ती गादीवर मधोमध आडवी झाली, हातपाय ताणून, साडी पोटरीच्या वर गेलेली. आईला असं ऐसपैस पसरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोक फिदीफिदी हसत होते. मोबाइल वर झाले.

मी दार वाजवायला धावले, तर त्या मुलीने अडवलं. "मॅडम, आतल्या माणसाला डिस्टर्ब नाही करायचं. रूल आहे." कलाकार शेजारीच उभा होता, खूश. आपला खासगीपणा कसा चोरीला जातो तेच दाखवायचंय, म्हणाला. दाखवायला माझी आईच सापडली मेल्याला!

बऱ्याच वेळाने आई आपणहून बाहेर आली, चेहरा ताजातवाना. गाडीत बसल्याबसल्या दादा कडाडला, "चार लोकांत शोभा केलीस आमची! बाहेरून सगळं दिसत होतं!"

आई पदर सारखा करत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता रडणार, असं वाटलं, तर तिने हळूच विचारलं, "उद्या पण असेल का रे ते?"

"अगं, लोक बघत होते आई!" दादा म्हणाला.

"बघेनात का," ती म्हणाली. "कुणी ऊठ तर म्हणालं नाही."