अचूक रायफल

लातूरच्या शूटिंग रेंजवर एक गृहस्थ नेहमी भेटतात. नवी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं खटका ओढायची, रायफल घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला गाठून ते ऐकवतात, "बॅरल जड पायजे, बोल्ट लोण्यावानी सरकला पायजे." स्वतः रायफली बदलत गेले, नेम तेवढा तसाच राहिला.

परवा माझ्या मुलीला स्पर्धेसाठी रायफल निवडायची होती. त्यांनी आपलीच चालवून दाखवली आणि लक्ष्याचा कागद आणायला स्वतःच धावले. तो काढताना त्यांनी खिशातल्या पेनानं मधोमध भोक पाडलं. मी दुर्बिणीतून बघत होतो.

"हे बघ बेटा, याला म्हणत्यात अचूक रायफल!"

मुलगी म्हणाली, "काका, बाकीच्या भोकांच्या कडा गोळीच्या काजळीनं काळ्या हायत. मधल्याची न्हाई."

ते जराही ओशाळले नाहीत.

"रायफलच लई साफ हाय," म्हणाले.